चवथीपासून शिगम्यापर्यंत: मिनीडिस्क डेकचा अनुभव

घरातल्या भजनांच्या कॅसेटी बुरशीने संपायच्या आत उतरवून घ्यायच्या होत्या, म्हणून चवथीच्या थोडं आधी सेकंडहँड मिनीडिस्क डेक घेतला, म्हणजे प्लास्टिकच्या कवचातल्या छोट्या डिस्कवर आवाज भरणारं आणि वाजवणारं यंत्र. हे काम संगणकावरही होतं. पण कॅसेट लावली, रेकॉर्ड दाबलं आणि स्वयंपाकघरात निघून गेलं, हे सुख संगणक देत नाही. डेक जपानमधला, १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर गेलाच, तेव्हा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर किमतीतच धरा.

सगळ्यात उपयोगी पडला मोनो मोड. देवळातली जुनी रेकॉर्डिंगं एका मायकवरची, त्यांना स्टिरिओ कशाला? ८० मिनिटांच्या डिस्कवर मोनोत १६० मिनिटं मावतात; नव्वदची कॅसेट दोन्ही बाजूंसकट येऊन जागा उरते. एलपी४ मध्ये, म्हणजे आवाज खूप दाबून भरायच्या मोडमध्ये, ३२० मिनिटं मिळतात, पण टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे येतात. भजनांसाठी तो नकोच.

खरी मजा रेकॉर्डिंगनंतर. ट्रॅक तोडा, जोडा, पुढेमागे करा. डिस्कवरचा आवाज जागचा हलत नाही, बदलते ती फक्त अनुक्रमणिका. दोन अभंगांमधला खोकला आणि तबला लावणं मी असंच काढून टाकलं. आपोआप ट्रॅक पाडायची सोय मात्र कॅसेटवर फसते: दोनेक सेकंद शांतता लागते, आणि जुन्या टेपची सळसळ म्हणजे डेकच्या लेखी शांतता नव्हेच. नावं रोमनमध्ये किंवा जपानीत. अभंगांची नावं रोमनमध्ये टाकायचा कंटाळा येतो, मी नुसते आकडे घालते.

हीच अनुक्रमणिका पावसात जीव टांगणीला लावते. ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर किंवा डिस्क काढताना लिहिली जाते. त्याआधी वीज गेली तर आवाज डिस्कवर असूनही डेकला तिथे काहीच दिसत नाही. गोव्यात फोंड्याला जूनमध्ये राहणाऱ्याला जास्त सांगायला नको. यूपीएस घ्या.

चवथीत घुमट आरतीही घेतली, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावरची आरती. माझ्या डेकला मायकची जागा नाही, फक्त लाइन इन (दुसऱ्या यंत्रातून आवाज घ्यायची जागा), त्यामुळे मध्ये छोटा मिक्सर. कॅसेट थोडा जादा आवाज पोटात घालते. इथे मीटर शून्यापलीकडे गेला की आवाज फाटतो. घुमटाची थाप आणि कांसाळे (झांजा) अचानक उसळतात, म्हणून एरवीचा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवला. ऐकायला उत्तम. संगणकावर न्यायचं तर तासाच्या आरतीला तासच लागतो, ते सोसावं लागतं.

सोनीने कोऱ्या डिस्क बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. मी वापरलेल्याच घेते, पुसून पुन्हा भरता येतात. घेताना फोटो दोन्ही बाजूंचे मागवा: सरकतं झाकण फक्त खालच्या बाजूला असेल तर ती छापील आल्बमची डिस्क, तिच्यावर रेकॉर्ड होत नाही. भरायच्या डिस्कला वरूनही उघडावं लागतं, कारण लेझर खालून तापवतो आणि चुंबकीय हेड वरून लिहितो.