फूटी की क्लासिक रॉक: मेलबर्नच्या हिवाळ्यात आधी कशाच्या नादाला लागायचं?

मेलबर्नला नवीन आलेल्या आपल्या लोकांचा पहिला हिवाळा बऱ्यापैकी सारखाच जातो, सव्वापाचला अंधार, बाहेर पिरपिर पाऊस, आणि सोमवारी ऑफिसात सगळे ज्यावर तावातावाने बोलत असतात त्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही. मग कधीतरी प्रश्न येतोच की इथल्या लोकांत मिसळायचं तर काय धरावं, फूटी (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) बघायला लागावं की इथलं जुनं रॉक, पब, बँड वगैरे, कारण दोन्हीला वेळ नाही आणि पैसे तर त्याहून नाहीत. मी दोन्हीच्या नादाला लागलेला माणूस आहे, फूटीत सेंट किल्डा क्लबवाला (हसून घ्या), आणि रॉक म्हणाल तर सत्तर-ऐंशीच्या दशकातलं, त्यामुळे मी तटस्थ वगैरे अजिबात नाही, पण दोन्हीकडे काय मिळतं आणि बदल्यात काय द्यावं लागतं ते मला नीट माहितीय.

समजण्याच्या बाबतीत रॉक सरळ पुढे. एसी/डीसी तुम्ही पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलमध्येच ऐकलेलं असतं, ते लोक ऑस्ट्रेलियन आहेत हे फक्त बऱ्याच जणांना इथे येऊन कळतं. आणि ज्यांनी मुंबईत रंगभवनला आय-रॉक फेस्टिव्हलला धक्के खाल्लेत ते तर तयार होऊनच येतात. राहिलं इथलं घरचं खातं, कोल्ड चिझल, मिडनाइट ऑइल, हंटर्स अँड कलेक्टर्स, डिव्हायनिल्स, हे आपल्याकडे फार पोचलं नाही, पण गिटार तीच, ड्रम तेच, कामावर जाता-येता दोन आठवडे गाडीत लावलं की आपोआप तोंडात बसतं.

फूटीचं तसं नाही. पहिला क्वार्टर निव्वळ गोंधळ वाटतो. एकेका बाजूचे १८ जण, ऑफसाइड प्रकारच नाही, मैदान लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून पायाने मारलेला बॉल गेला की गोल, ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला की बिहाइंड, १ पॉइंट, म्हणजे नेम चुकला तरी हातात काहीतरी पडतं आणि हे मला मनापासून आवडतं. बॉल फेकायचा नाही, एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा. घेऊन पळालात तर दर १५ मीटरला एकदा टप्पा द्यायचा. आणि निदान १५ मीटर आलेली किक कोणी हवेतच पकडली की ती मार्क, मग त्याला कोणी हात लावायचा नाही, तो निवांत किक मारणार. ही मार्क घ्यायला माणसं दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकून वर चढतात आणि ते नियमात बसतं! एवढ्यावर मॅच बघता येते. फ्री किक का दिली हे मात्र शेजारी बसलेल्या आज्जींना विचारा, अंपायरपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं त्यांचं ठाम मत असतं आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

क्रिकेटवाल्या आपल्या पब्लिकला एक गोष्ट सांगितली की जरा जवळीक वाटते. हा खेळ क्रिकेटरांनीच काढलाय. १८५८ मध्ये टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरने पेपरात पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटर लोक सुस्तावतात, त्यांच्यासाठी फुटबॉल क्लब काढा, आणि पुढच्या वर्षी नियम लिहून झालेसुद्धा. २०२२ च्या वर्ल्ड कपला कोहलीने हारिस रौफला ते दोन सिक्स ज्या एमसीजीवर मारले तिथेच हिवाळ्यात हे चालतं, सीट त्याच, गर्दी तेवढीच, फक्त अंगावर तीन थर कपडे.

आता पैसे. यात फूटी जिंकते आणि बऱ्याच फरकाने जिंकते. साध्या मॅचचं साधं तिकीट तीसेक डॉलरच्या आसपास मिळतं, आणि एमसीजीला घरचं खाणं आत नेऊ देतात, काच आणि दारू सोडून, त्यामुळे थालीपीठ-लोणच्याचा डबा घेऊन जाणारी मराठी कुटुंबं आता स्टँडमध्ये दिसतात. आत मिळणारा मीट पाय बहुतेक वेळा बीफचा असतो हे लक्षात ठेवा, शाकाहारी माणसाला हॉट चिप्सवर भागवावं लागतं. रॉकच्या बाजूला दोन टोकं आहेत, एखादा जगप्रसिद्ध म्हातारा बँड स्टेडियमला आला की चौघांच्या घरात महिन्याचा किराणा येईल एवढं एक तिकीट, आणि दुसरीकडे पबमधला लोकल बँड अगदी किरकोळ पैशात, कधी फुकटसुद्धा. मला विचाराल तर दुसरंच खरं. स्टेडियममध्ये तुम्ही शेवटी मोठ्या स्क्रीनवर बघत असता, पबमध्ये गिटारवाल्याचा घाम दिसतो.

वेळेचं गणित मुलं आहेत की नाहीत यावर आहे. फूटीचे चार क्वार्टर कागदावर २०-२० मिनिटांचे, पण घड्याळ मध्ये मध्ये थांबतं म्हणून एकेक अर्ध्या तासापर्यंत जातो, एकूण अडीच-तीन तास, आणि शनिवार-रविवारी दुपारी मॅच असतात, मुलांना घेऊन जाता येतं, शिवाय त्यांच्यासाठी ऑसकिक (लहान मुलांचे फूटीचे वर्ग) आहे, एकदा तिथे नाव घातलं की मुलंच तुम्हाला नियम शिकवायला लागतात. मुली असतील तर २०१७ पासून एएफएलडब्ल्यू (बायकांची फूटी लीग) चालू झालंय, तेही दाखवा. गिगचं म्हणजे दार आठला उघडणार, मेन बँड साडेनऊ-दहाला येणार, लहान मुलाला नेता येत नाही, बेबीसिटर शोधा, आणि दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजतीय. इअरप्लग घ्या हो, केमिस्टकडे मिळतात, त्यात कसली आलीय लाज.

पण पैसे आणि वेळ हे वरवरचं झालं. खरा फरक वेगळाच आहे. क्लासिक रॉक संपलेलं आहे. वाईट अर्थाने नाही म्हणत, म्हणजे ते बनवून झालेलं आहे, सोलो कुठे येणार ते माहितीय, बॉन स्कॉट १९८० च्या फेब्रुवारीत गेला आणि त्याच वर्षी जुलैत एसी/डीसी नवीन गायक घेऊन परत उभे राहिले हेही माहितीय, आता त्यात वाईट असं काही घडू शकत नाही. दिवस बेकार गेला की तुम्ही तो रेकॉर्ड लावता आणि तो तुम्हाला दगा देत नाही. फूटी दगा देते. नियमाने देते.

सेंट किल्डाचंच घ्या. आख्ख्या इतिहासात एक प्रीमियरशिप (म्हणजे विजेतेपद), १९६६ ची, तीही एका पॉइंटने. सगळ्यात जास्त वेळा शेवटच्या नंबरवर राहिलेला क्लबही आमचाच. २००९ ला ग्रँड फायनलला पोचलो आणि जिलाँगकडून १२ पॉइंटने हरलो. २०१० ला परत पोचलो, समोर कॉलिंगवूड, शेवटची मिनिटं, आम्ही एका पॉइंटने मागे, लेनी हेजने लांबून किक मारली, बॉल गोलसमोर पडला, स्टीफन मिल्न तिथे धावत पोचला होता, बॉल सरळ उसळला असता तर त्याच्या हातात आला असता आणि गोल, पण हा बॉल अंडाकृती, तो वेड्यासारखा वाकडा उसळला आणि मिल्नला चुकवून बाजूच्या फटीतून गेला. एक पॉइंट. ६८-६८. सायरन झाला आणि एक लाख माणसं गप्प, कारण जिंकलं कोणीच नव्हतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पुढच्या शनिवारी पूर्ण मॅच परत खेळवली आणि त्यात आम्ही ५६ पॉइंटने मार खाल्ला. पुढे रीप्लेची ती पद्धतच बंद झाली, आता एक्स्ट्रा टाइम असतो. तो व्हिडिओ मी अजून बघतो, का बघतो विचारू नका, दर वेळी वाटतं यंदा सरळ उसळेल.

हे सगळं पाहिजे का, हा प्रश्न स्वतःला आधी विचारा. ज्याला हरणं घरी घेऊन जायची सवय नाही, किंवा ज्याच्या आयुष्यात आधीच टेन्शन पुरेसं आहे, त्याने रॉक धरावं, अगदी प्रामाणिकपणे सांगतो. रॉकचं पब्लिक विसरून जातं आणि माफही करतं. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी १९७४ च्या जानेवारीत क्वीनला घेऊन मेलबर्नजवळ सनबरी फेस्टिव्हलला आला होता, तिथल्या बिअर प्यायलेल्या गर्दीला लोकल बँड हवे होते, त्यांनी क्वीनला चक्क हूट केलं. आज त्याच लोकांची नातवंडं पबमध्ये क्वीन लागली की बेंबीच्या देठापासून गातात आणि कोणाला काही आठवत नाही. फूटीत उलट. १९७० ची ग्रँड फायनल, १,२१,६९६ माणसं, कार्लटन कॉलिंगवूडविरुद्ध हाफ टाइमला ४४ पॉइंटने मागे आणि तरी १० पॉइंटने जिंकले, कॉलिंगवूडचे म्हातारे अजून त्यावर बोलायला लागले की चेहरा पडतो. त्या मॅचमध्ये अॅलेक्स जेसॉलेंकोने ज्याच्या अंगावर चढून मार्क घेतली तो ग्रेम जेंकिन, बिचारा स्वतः चांगला खेळाडू, पण लोकांच्या लक्षात राहिला तो खाली उभा होता म्हणून.

मग एवढा त्रास कशाला, तर माणसांसाठी. रॉक तुम्हाला एकट्याला पुरतं, हेडफोन लावला की झालं. फूटी एकट्याने होतच नाही. तुमचा क्लब कोणता हे एकदा सांगितलं की पुढचं संभाषण समोरचा करतो, ऑफिसात टिपिंग असतंच, दर आठवड्याला कोण जिंकेल ते लिहून द्यायचं, काही न कळणारी रिसेप्शनवरची नवीन मुलगी टीमचे रंग बघून टिप देते आणि सगळ्यांच्या पुढे असते. ट्रॅममध्ये तुमच्यासारखाच स्कार्फ घातलेला अनोळखी माणूस मान हलवतो. बँडचा टी-शर्ट घालून मला इतक्या वर्षांत असं फार कोणी भेटलेलं नाही, भेटलेच तर ‘खरे फॅन असाल तर पहिल्या अल्बममधली पाच गाणी सांगा’ टाइपचे. परदेशात एकटं पडलेल्या माणसाला यातलं काय उपयोगी आहे ते उघड आहे.

आणि गंमत म्हणजे या शहरात दोन्ही गोष्टी एकमेकांपासून लांब नाहीतच. सेंट किल्डा हे उपनगर बघा, एकीकडे इथेच सुरू झालेला आमचा हरणारा क्लब, दुसरीकडे एस्पी नावाने ओळखलं जाणारं एस्प्लनेड हॉटेल आणि पॅले थिएटर, जिथे पिढ्यानपिढ्या बँड वाजलेत, आणि सुरुवातीच्या काळात एसी/डीसीची पोरं याच बाजूला एका भाड्याच्या घरात राहायची. शहरात त्यांच्या नावाची गल्लीसुद्धा आहे. १९७६ च्या २३ फेब्रुवारीला स्वॉन्स्टन स्ट्रीटवर उघड्या ट्रकवर उभं राहून त्यांनी व्हिडिओ शूट केला, आणि २०१० मध्ये दारूच्या लायसन्सच्या नियमांमुळे छोटे म्युझिक पब बंद पडायला लागले तेव्हा हजारो लोकांनी मोर्चा काढला तो मुद्दाम २३ फेब्रुवारीलाच. पबसाठी मोर्चा! हे शहर असं आहे.

ट्रिपल एम रेडिओ लावा, आठवडाभर रॉक आणि वीकेंडला फूटीची कॉमेंट्री, एकाच बटनावर. ग्रँड फायनलच्या आधी स्टेजवर बहुतेक एखादा जुना रॉकवाला असतोच, २०११ ला मीट लोफ आला होता तो इतका बेसूर गायला की अजून चेष्टा होते, २०१६ ला स्टिंग, २०२३ ला तोंडं रंगवून किस. २०१७ ला रिचमंड जिंकल्यावर द किलर्सच्या कॉन्सर्टमध्ये रिचमंडचाच खेळाडू जॅक रीव्होल्ट माइक घेऊन गायला, ते जरूर बघा. क्लबांची स्वतःची गाणी तर अजून जुनी, ब्रिस्बेनचं गाणं फ्रान्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर, जिलाँगचं चक्क कारमेन ऑपेराच्या चालीवर, आमचं ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’ तर शाळेच्या बँडमध्ये तुम्ही ऐकलेलंच असेल. जिंकल्यावर स्टेडियमभर तेच लावतात आणि चाळीस हजार लोक बेसूर गातात. मीट लोफपेक्षा बरे गातात.

म्हणून माझं मत असं की मेलबर्नमध्ये असाल तर आधी फूटी धरा, कारण फूटीच्या मागे रॉक आपसूक येतं, रॉकच्या मागे फूटी येत नाही. अॅडलेड, पर्थलाही तेच. सिडनीत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे स्वॉन्स हा फूटी क्लब आहे पण शहर रग्बी लीगचं, त्या लीगवाल्यांनी १९८९ मध्ये टीना टर्नरला घेऊन जाहिरात केली होती, तेव्हा तिथे रॉकच धरा. रात्रपाळी असेल, थंडी सोसत नसेल, हरलं की जेवण जात नसेल, तरीही रॉक. आणि एक अडचण आधीच सांगून ठेवतो, फूटीच्या फायनल्स सप्टेंबरमध्ये असतात आणि गणपतीही बऱ्याचदा तेव्हाच, मंडळाच्या कार्यक्रमात आरतीच्या वेळी मागच्या रांगेत फोनवर स्कोअर बघणारे दोन-तीन जण असतात, त्यांच्यात बसायची तयारी ठेवा.

सुरुवात करायची तर एप्रिल-मेमधली एमसीजीवरची शनिवार दुपारची मॅच घ्या, थंडी अजून चढलेली नसते. अँझॅक डेची (२५ एप्रिल, सैनिकांचा स्मृतिदिन) कॉलिंगवूड-एसेंडन मॅच मात्र पहिलीच म्हणून नको, गर्दीत काही दिसणार नाही. वरच्या मजल्यावर बसा, खालून सगळी माणसं एका रेषेत दिसतात, वरून खेळ कसा पसरतो ते कळतं. क्लब लगेच ठरवू नका, तीन-चार बघा. मॅच संपली की चालत रिचमंड स्टेशनकडे या, स्टेशनला लागूनच कॉर्नर हॉटेल आहे, तिथे त्या रात्री कोण वाजवतंय ते आधीच बघून ठेवा, आणि मुलं बरोबर असतील तर एकाने ती घरी न्यायची, दुसऱ्याने थांबायचं, पुढच्या वेळी उलट.