कॉइलओव्हरच्या नावाखाली ८१,५०० रुपयांना फसलो

आधी आकडे सांगतो, कारण फोन करणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. कॉइलओव्हरच्या, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग असलेल्या आणि उंची-कडकपणा बदलता येणाऱ्या सस्पेन्शनच्या सेटचे ८१,५०० रुपये. फिटिंगचे ६,५००. नंतर टोइंगचे २,५००, दोन टायरचे १२,६००, आणि शेवटी पुन्हा साधे कंपनीचे शॉकअप, स्प्रिंगा, टॉप माउंट बसवले त्याचे मजुरीसह २१,४००. माझे जुने शॉकअप फिटरने ठेवून घेतले, त्याचे त्यानं मला ४,००० दिले होते, ते वजा करा. एकूण १,२०,५०० रुपये पाण्यात. मी वाळूज एमआयडीसीत क्वालिटीत, म्हणजे पार्ट तपासायच्या कामाला आहे. तिथं पगार काय असतो हे इकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

हौस म्हणून केलं असं कुणी म्हणू नये. माझी २०१८ ची पोलो, ९४,००० किलोमीटर चाललेली. मागचे शॉकअप ठोकत होते, पुढचे तेल सोडत होते. बदलायचेच होते. दर शनिवारी मी संभाजीनगरहून गावी जातो, गेवराईच्या पुढे. बीडपर्यंतचा महामार्ग चांगला आहे, पण गावाकडं वळलं की शेवटचे अकरा किलोमीटर काळ्या मातीतून आहेत. पावसाळ्यात ती माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर लाटांसारखं होऊन बसतं. मायला मणक्याचा त्रास आहे, महिन्यातून दोनदा तिला दवाखान्यासाठी इकडं आणावं लागतं. कॉइलओव्हरला नॉब असतो, माय गाडीत असली की नरम ठेवायचं, एकटा असलो की कडक करायचं, आणि उंची थोडी वाढवून घ्यायची, एवढाच माझा हिशोब होता. गाडी खाली करून मिरवायचं माझं वय नाही.

विक्रेता पुण्याचा, म्हणजे तो तसं सांगायचा. इन्स्टाग्रामवर पेज, रोज रील, निळी ताडपत्री लावलेल्या भिंतीपुढं उभा राहून नॉब फिरवतो, कट् कट् कट् आवाज येतो, "चोवीस क्लिक, भाऊ, ओरिजिनल जपान." मी आंधळेपणानं गेलो नाही. माझ्या फिटरला विचारलं. त्याच्याकडं मी सहा वर्षांपासून गाडी नेतो. तो म्हणाला, "दादा, त्याचा माल मी तीन गाड्यांना बसवलाय, डोळे झाकून घ्या." त्याला त्यात कमिशन होतं हे मला नंतर कळलं. पुढची साखळी अशी. १० फेब्रुवारी २०२५ ला ३५,००० ॲडव्हान्स. ३ मार्चला "माल कस्टममध्ये अडकला, ड्युटी भरावी लागेल" म्हणून १४,५००. २० मार्चला माल सुटायच्या आधी उरलेले ३२,०००. तिन्ही वेळा यूपीआय, तिन्ही वेळा वेगळ्याच माणसाच्या नावावर. ड्युटी आयात करणारा भरतो आणि ती सरकारकडं भरतो, कुणाच्या मेहुण्याच्या फोनवर नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ३५,००० आधीच तिकडं अडकले होते, आणि पैसे अडकले की माणूस अजून पैसे पाठवतो.

आता ज्या क्षणासाठी हे सगळं लिहायला बसलोय तो सांगतो.

२२ मार्च, शनिवार. फिटरच्या गॅरेजमध्ये खोका उघडला. वरून सगळं झकास होतं, जांभळ्या रंगाच्या रिंगा, होलोग्राम, जपानी अक्षरं. मी पुढचा एक शॉकअप हातात घेतला, सवयीनं पिस्टन रॉड दाबला. आत गेला. सोडला, आणि तो तिथंच थांबला. खोक्यावर लिहिलेलं होतं मोनोट्यूब (एकाच नळीचा शॉकअप), हाय प्रेशर गॅस. गॅसचा मोनोट्यूब दाबून सोडला की रॉड आपणहून वर आलाच पाहिजे, आतला दाब त्याला बाहेर ढकलतो. हा आला नाही. मी पुन्हा दाबला. पुन्हा तिथंच. मग नॉब पूर्ण नरम करून दाबला, पूर्ण कडक करून दाबला. हाताला काडीचाही फरक लागला नाही. चोवीस क्लिक वाजत होते, पण रॉड तसाच्या तसा.

मला कळलं होतं. पोटात खड्डा पडला तो आजही आठवतो. मी विक्रेत्याला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "सर, गॅस गाडीचं वजन आल्यावर ॲक्टिव्ह होतो, हातानं नाही कळत." आणि मी, जो रोज आठ तास पार्ट हातात घेऊन पास-रिजेक्ट करतो, तो मी "बरं" म्हणालो. फिटरनं तोवर गाडी जॅकवर घेऊन पुढचं चाक काढलंही होतं. माझ्या बॅगेत व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) होता. मी तो बाहेर काढला नाही. कंपनीत असा पार्ट आला असता तर पूर्ण लॉट परत पाठवला असता. दहा मिनिटं थांबलो असतो तर फिटिंगचे ६,५०० वाचले असते, टायर वाचले असते, माझे जुने शॉकअप हातात राहिले असते आणि खोका जसाच्या तसा परत करता आला असता.

जुने शॉकअप कधीही गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. कितीही खराब असोत, गोणीत भरून घरी आणा.

दुसरी खूण बिलात होती. बिलावर पत्ता पुण्याचा, आणि जीएसटी नंबर ०७ नं सुरू होणारा. महाराष्ट्राचा नंबर २७ नं सुरू होतो, ०७ दिल्लीचा. शिवाय कर लावला होता १२ टक्के, खरं तर त्या वेळी गाडीच्या सस्पेन्शनच्या सामानावर तो २८ टक्के होता. पंधरा आकडी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावाचा, चालू की रद्द, अर्ध्या मिनिटात दिसतं. मी टाकला, पण मे महिन्यात. नोंदणी रद्द झालेली, आणि नाव कापडाच्या दुकानाचं.

गाडी बाहेर काढली तेव्हाच पुढून बोटभर खाली बसली होती. मी म्हणालो, मला उंच पाहिजे. फिटरनं सी-पान्यानं स्प्रिंगखालच्या रिंगा वर घेतल्या, स्प्रिंग आवळली. चांगल्या सेटमध्ये पुढच्या शॉकअपची उंची खालच्या ब्रॅकेटवरून बदलते, बॉडी त्यात आट्यांवर वरखाली होते, स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. इथं ब्रॅकेट बॉडीला सरळ वेल्ड मारून बसवलेला. म्हणजे उंची वाढवायची तर स्प्रिंगच उचलायची, आणि तसं केलं की चाकाला खाली लटकायला जागा उरत नाही. खड्ड्यात चाक गेलं की टक् असा लोखंडी आवाज. अलाइनमेंटचं विचारलं तर म्हणाला, "हजार-दोन हजार किलोमीटर चालू द्या, स्प्रिंग बसू द्या, मग करू." स्प्रिंग थोडी बसते हे खरं आहे, पण उंची बदलली की टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकांचे कोन, त्याच दिवशी बदलतात. अलाइनमेंट त्याच दिवशी करायचं आणि नंतर पुन्हा करायचं. मी ऐकलं त्याचं, आणि २,८०० किलोमीटरमध्ये पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडा तारेपर्यंत गेल्या.

पहिल्याच फेरीत माय म्हणाली, "कामून रे, गाडी पयल्यापेक्षा जास्तच आदळायली." मी नॉब फिरवून नरम केलं. "आता?" "तेच हाय." तिला क्लिक माहीत नाही, मोनोट्यूब माहीत नाही. तिला जे कळलं ते खरं होतं, आणि मी तिलाच सांगत होतो की सवय होईल.

१७ मे. मायला घेऊन येत होतो. शहागडला गोदावरीचा पूल संपताना जोडावर गाडी आदळली आणि डावीकडं पुढून खाली कोसळली. वेग सत्तरच्या आसपास. स्टेअरिंग हातातून ओढलं गेलं, टायर आतल्या पत्र्याला घासून जळाल्याचा वास. गाडी कशीबशी कडेला घेतली. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला तो किती अंतरावरून गेला हे मला सांगायचं नाही. माय पाठीला हात लावून बसली होती, एक शब्द बोलली नाही.

वाकून पाहिलं. रिंगेचे आटे साफ सोललेले, सुपारीच्या भुग्यासारखा ॲल्युमिनियमचा चुरा स्प्रिंगवर पडलेला. रिंग खाली घसरली आणि स्प्रिंगही तिच्यासोबत. बॉडी तेलानं माखलेली, त्यावर धुळीचा जाड थर. म्हणजे तेल त्या दिवशी नाही, कित्येक दिवसांपासून गळत होतं.

घरी आणल्यावर मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. व्हर्नियर लावला. पुढच्या डाव्या स्प्रिंगची तार १०.६ मिलिमीटर, उजवीची ११.२. वेढे सारखे, व्यास सारखा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे उजवी बाजू डावीपेक्षा जवळजवळ २५ टक्के कडक. एकाच एक्सलवर. मग ओळखीच्या टर्नरकडं जाऊन शॉकअप कापला. (खऱ्या गॅसच्या शॉकअपला असं करू नका, आत दाब असतो.) ज्या शॉकअपचं डॅम्पिंग, म्हणजे नरम-कडकपणा, खरंच बदलतं त्याचा रॉड पोकळ असतो. वरचा नॉब फिरला की आतली बारीक कांडी फिरते आणि खालची सुई तेलाची वाट कमी-जास्त करते. माझा रॉड भरीव निघाला, अखंड लोखंड. नॉबच्या खाली एक छर्रा आणि एक छोटी स्प्रिंग, बस. चोवीस क्लिक त्या छर्‍याचे होते.

आता यंत्रणेचं ऐका. १९ मेला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. पैसे गेल्या गेल्या काही तासांत कळवलं तर समोरचं खातं गोठवता येतं, दोन महिन्यांनी काय करणार, हे मला मान्य आहे. त्यांचा राग नाही. पण पोलीस ठाण्यात गेलो तर तिथल्या साहेबांनी खोका टेबलावर ठेवू दिला नाही. "सामान मिळालं ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? हे सिव्हिल आहे." मी कापलेला रॉड दाखवला. "हे आम्हाला काय कळतं?" मी म्हणालो, बनावट माल खरा म्हणून विकणं हे भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमात, फसवणुकीत बसतं. "मग पुण्याला जा, व्यवहार तिकडचा." नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमाप्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. हे मी छापून नेलं होतं. कागद बघितला नाही. चार चकरा, चार रजा. पाचव्यांदा एक साधा अर्ज शिक्का मारून घेतला, त्याचा आजपर्यंत फोन नाही.

परिवहन कार्यालयात गेलो ते एवढंच विचारायला की असा बनावट माल बसवणाऱ्या गॅरेजवर कुणी कारवाई करतं का. समोरच्यानं पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही सस्पेन्शन बदललंच कशाला?" आणि मोटार वाहन कायद्याचं १८२-अ वाचून दाखवलं, परवानगीशिवाय गाडीत फेरफार केला तर मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मालकाला! विकणारा रोज रील टाकतो, बसवणाऱ्यानं रस्त्यावर बोर्ड लावलाय, आणि कायदा पाठ करून ऐकवायचा तो ज्याची माय पुलावर मरता मरता वाचली त्याला. विमा कंपनीला आधी कळवलं नसेल तर क्लेमलाही हेच कारण दाखवतात, तेव्हा बसवायच्या आधी लेखी विचारा. मी विचारलं नव्हतं, म्हणून क्लेम टाकायची हिंमतच झाली नाही.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. ५ लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि आपण राहतो तिथंच दाखल करता येते, पुण्याला जायची गरज नाही. एवढी एक गोष्ट सरळ झाली. कायद्यात लिहिलंय की नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल, मालाची तपासणी लागली तर पाच. पण नोटीस मिळायला तर पाहिजे. दोनदा परत आली, "या पत्त्यावर राहत नाही." पोलिसांनी बँक खात्यावरून माणूस शोधला असता तर एका दिवसाचं काम होतं. म्हणजे पोलीस म्हणतात सिव्हिल आहे, आणि सिव्हिलला पत्ता लागतो जो फक्त पोलिसांना मिळू शकतो.

कुणाला घ्यायचाच असेल तर आपल्या गाडीच्या मॉडेलचा पार्ट नंबर लेखी मागा आणि तो मूळ कंपनीला ईमेल करून विचारा की हा विक्रेता तुमचा आहे का. पैसे क्रेडिट कार्डनं द्या, निदान बँकेकडं वाद घालता येतो. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, माझ्याकडं नाही आणि त्याचाच फायदा विक्रेता घेतोय. आणि जो विक्रेता तुमच्यासमोर रॉड दाबून, सोडून दाखवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून उठून या.

फिटर आता माझा फोन उचलत नाही. गाडी परत साध्या शॉकअपवर आहे, माय मात्र एसटीनं येते, गाडीत बसायला तयार नाही. गेल्या आठवड्यात माझ्या पुतण्यानं एक रील पाठवलं. पेजचं नाव नवीन, माणूस दिसत नाही, फक्त हात आणि नॉब. मागं तीच निळी ताडपत्री, डाव्या कोपऱ्यात तेच फाटलेलं भोक. खाली मी कापलेल्या रॉडचा फोटो टाकला. दहा मिनिटांत त्यांनी तो फोटो काढून टाकला आणि मला ब्लॉक केलं. रीलचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवलेत, पुढच्या सुनावणीला तेच जोडणार आहे.