केश की मॉरिसन्स? टिन व्हिसलवर पहिली जिग कुठली घ्यावी

टिन व्हिसल म्हणजे सहा भोकांची छोटी उभी बासरी. ती हातात आली, सरगम वाजायला लागली, की पुढचा प्रश्न हाच येतो आणि नावं पण बहुतेक वेळा हीच दोन असतात, केश जिग आणि मॉरिसन्स जिग. दोन्ही आयरिश नाचाच्या चाली, दोन्ही डबल जिग, म्हणजे सहाचा ठेका तीन-तीनमध्ये तोडलेला. दादरा कानात असेल तर मोजायला त्रास नाही, फक्त लय बरीच चढी.

माझं मत आधीच सांगून टाकते: वाजवायला आधी केश घ्या, ऐकायला मात्र मॉरिसन्सपासून सुरू करा.

केश जी मेजरमध्ये आहे. जी ला सा धरलं तर अख्ख्या ट्यूनमध्ये मध्यमच नाही, भूपाचे पाच सूर आणि अधूनमधून नी, बस्स. डी च्या व्हिसलवर (जिचा सगळ्यात खालचा सूर डी असतो) हे वरदान आहे, कारण तो मध्यम म्हणजे सी, आणि तो काढायला आडवीतिडवी बोटं किंवा अर्धं भोक करावं लागतं, ती कटकटच नाही. सुरुवात सा रे ग, म्हणजे तीन बोटं, मग दोन, मग एक. अडचण एकच, दुसऱ्या भागाच्या शेवटी वरचा बी येतो आणि तिथे फुंक जोरात लागते, शेजारचे दार वाजवतात ते त्याच जागी.

मॉरिसन्स ई डोरियनमध्ये, आपल्या भाषेत सरळ काफी थाट. चाल जास्त सुंदर आहे, वादच नाही, पण पहिल्याच मात्रांना सा वरून थेट पंचमावर उडी, म्हणजे पाच बोटं झाकलेली आणि त्यातली चार एकदम उचलायची, आणि खालच्या ई ला फुंक जरा जास्त झाली की सूर वरच्या सप्तकात पळतो. दुसऱ्या भागात वरचा ई दोनदा लागोपाठ, परत परत. तिथे जिभेने तोडलं नाही किंवा बोटाने कट (एक बोट क्षणभर उचलून सूर तोडणं) दिला नाही तर दोन ई चा एकच लांब ई होतो आणि ठेका गेला. शिवाय हा भाग दुसऱ्यांदा वेगळा उतरतो, त्यामुळे पाठांतर पण जास्त.

आता रेकॉर्डिंगचं. जेम्स मॉरिसन हा आयर्लंडमधल्या स्लायगो परगण्याचा फिडलवाला (फिडल म्हणजे व्हायोलिनच), जन्म 1893 चा, 1915 ला अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कमध्ये वाजवून, शिकवून राहिला. ही जिग त्याने 1936 मध्ये रेकॉर्ड केली. गंमत म्हणजे ट्यून त्याची नव्हेच, ती मिळाली टॉम कारमोडी या केरीच्या अ‍ॅकॉर्डियनवाल्याकडून, कारमोडीच्या वडिलांच्या वाजवण्यातली, पण तबकडी मॉरिसनची म्हणून नाव त्याचं चिकटलं. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम 3 मिनिटं मावायची, त्यामुळे पसरायला जागाच नसायची. मॉरिसन आणि स्लायगोचाच दुसरा फिडलवाला मायकेल कोलमन यांच्या तबकड्या उलट आयर्लंडमध्ये पोचल्या आणि गावोगावचे फिडलवाले स्वतःची ढब सोडून स्लायगोसारखं वाजवायला लागले. चांगलं झालं की वाईट यावर तिकडे अजून भांडणं होतात, मला विचाराल तर थोडं नुकसानच झालं.

केशची कथा इतकी रंगतदार नाही. शिकागोचे एकेकाळचे पोलीस प्रमुख फ्रान्सिस ओनील, मूळचे आयर्लंडमधल्या कॉर्कचे, यांच्या संग्रहात ती किनकोरा जिग नावाने छापलेली आहे. आज सगळे केश म्हणून वाजवतात त्यात मोठा हात द बोथी बँड या आयरिश लोकसंगीताच्या बँडचा, 1975 च्या पहिल्या अल्बमची सुरुवातच या जिगने होते. मॅट मॉलॉयची बासरी, पॅडी कीननचे इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप), टॉमी पीपल्सचं फिडल आणि खालून डोनल लनीचं बुझुकी (लांब मानेचं तंतुवाद्य), असं धावतं की पहिल्यांदा ऐकताना ट्यून कुठे संपली नि पुढची कुठे सुरू झाली कळत नाही. ऐकायला जबरदस्त, पण नवशिक्याने ते लावून सोबत वाजवायला बसू नये, बोटांना वाईट सवयी लागतात. प्लेअरमध्ये स्पीड कमी करून घ्या, नाहीतर एकट्या व्हिसलवर कुणीतरी सावकाश वाजवलेलं शोधा.

आणि फिडल शिकत असाल तर वरचं बोटांचं गणित लागू नाही, तिथे मॉरिसन्स आधी घेतली तरी चालेल, तिच्यात बो ला (गजाला) भरपूर काम आहे.