हेड उतरवलंच नव्हतं

डिचोलीत आमच्या घरी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि गोवा घटकराज्य होण्याआधीचा, जीडी अक्षरांनी सुरू होणारा नंबर. बाबांनी ती जिवापाड सांभाळली. ते गेल्यापासून सहा वर्षं मी चालवते आहे. या गाडीपायी माझी जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहिते आहे, कारण गोव्यात अशा गाड्या अजून पुष्कळ घरांच्या अंगणात उभ्या आहेत आणि त्या दुरुस्त करणारे जुने हात कमी होत चालले आहेत.

२०२५च्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर गाडी मिसिंग मारू लागली, म्हणजे मधूनच एखादा सिलिंडर पेटेना. सकाळी चालू केली की आयडलिंगला इंजिन थरथरायचं, क्लच दाबून कुठे थांबलं की बंद पडायचं. चढावर पाय दाबला की बोनेटखालून फट्ट असा बार. एकदा तर एअर क्लीनरच्या तोंडातून धूर आला. पण दुपारी ऊन पडलं की तीच गाडी काही झालंच नाही अशी चालायची. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची होती. मी ती प्रत्येकाला सांगितली, आणि ज्याला पैसे दिले त्याने ती ऐकलीच नाही.

ओळखीतल्या एकाने म्हापशाच्या बाहेरचं एक गॅरेज सुचवलं. तिथे दोन-तीन जुन्या गाड्या उभ्या होत्या, त्या बघून माझा विश्वास बसला. मालकाने रेस दोनदा ओढली. प्लग काढला नाही, सिलिंडरना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला हात लावला नाही. म्हणाला, "बाय, गाडी म्हातारी जाल्या. हे नवीन पेट्रोल तिला सोसत नाही. व्हॉल्व्ह जळलेत, हेड उतरवावं लागणार." हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, व्हॉल्व्ह त्यातच असतात.

पेट्रोलचं त्याचं बोलणं निम्मं खरं होतं, म्हणूनच मी फसले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम त्याने खराब होतात. त्याला जळायला हवाही कमी लागते, त्यामुळे कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, जुन्याच जेटवर (पेट्रोलच्या भोकावर) मिश्रण थोडं पातळ पडतं. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण जी गाडी सकाळी अडते आणि ऊन पडल्यावर सुधारते, तिच्या व्हॉल्व्हचा यात काय संबंध? जळलेला व्हॉल्व्ह उन्हात बरा होत नाही. हा प्रश्न मी त्याला तिथेच विचारायला हवा होता.

आधी १८,००० सांगितले. दोन आठवड्यांनी फोन आला की व्हॉल्व्हची गाइड गेलीत, हेड वाकलंय, फेसिंग करून (घासून सपाट करून) आणावं लागेल, कार्बोरेटरही पूर्ण खोलावा लागेल. सोबत व्हॉट्सॲपवर टेबलावर ठेवलेल्या काळ्या पडलेल्या हेडचा फोटो. आपली गाडी उघडून पडली आहे, आता ती दुसरीकडे न्यायची तरी कशी, असं वाटून मी हो म्हणत गेले. एकूण ४३,००० झाले. पंधरा हजार यूपीआयने दिले, बाकी रोख. जीएसटीचं बिल हवं तर अठरा टक्के जास्त पडतील म्हणाला, म्हणून वहीच्या पानावर लिहिलेलं कच्चं बिल घेतलं. ती माझी चूक होती आणि पुढे ती फार महाग पडली.

चवथीच्या आठवडाभर आधी गाडी मिळाली. उघडीप होती. इंजिन एका लयीत चालत होतं, मी खूश झाले. रस्त्यावर आल्यावर जाणवलं की पाय काढला तरी रेस खाली येत नाही. त्याने आयडलिंगचा स्क्रू भरपूर आत फिरवून ठेवला होता. हे मुद्दाम सांगते: रेस चढवली की मिसिंग ऐकू येत नाही. दुरुस्त झालेली गाडी ताब्यात घेताना ती हळू चालवून दाखवायला सांगा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, रेस खाली आणून, निदान पाच मिनिटं.

२७ ऑगस्टला चवथ. केरीच्या मूळ घरून रात्री परतताना पाऊस धरला आणि साखळीच्या अलीकडे गाडी पुन्हा तशीच. फट्ट, फट्ट, आणि बंद. शिवाय आता उतारावर पाय काढला की सायलेन्सरमध्येही बार व्हायला लागले होते, ते आधी नव्हतं. त्याच आठवड्यात पीयूसी काढायला गेले तर नापास. मार्चच्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के होता, आता ४.६. अशा जुन्या गाड्यांना मर्यादा ३ टक्क्यांची आहे. अ‍ॅव्हरेज लिटरला बारावरून आठवर आलं होतं.

साखळीत एक वयस्क मिस्त्री आहेत, आता काम सोडलेले. पूर्वी टॅक्सीवाल्यांच्या पद्मिन्या त्यांच्याकडे यायच्या. भावाने त्यांना गाठलं. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "आवाज खंयसून येता? फुडल्यान काय फाटल्यान?" पुढून की मागून. पावणेतीन महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. कार्बोरेटरमधून बार येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना आत आग लागते आहे. मिश्रण पातळ असेल, टायमिंग चुकलेलं असेल किंवा ठिणगी भलत्याच सिलिंडरला पोहोचत असेल. सायलेन्सरमधून येत असेल तर न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं आहे. दोन्हींना बॅकफायरच म्हणतात, पण शोध घ्यायची दिशा वेगळी.

काकांनी काहीही खोलण्याआधी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं. ११८ ते १२४ पीएसआय, चारही जवळजवळ सारखे, म्हणजे व्हॉल्व्ह धड होते. प्लग मात्र काजळीने काळे. मग इंजिन चालू करून रबराच्या मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर काढून पाहिली. जी काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. पण दर वेळी उत्तर वेगळं येत होतं. "एकच सिलिंडर खराब असता तर तोच सापडला असता," काका म्हणाले, "हा दोष वाटणीतला आहे." आणि काळोख पडेपर्यंत थांबायला सांगितलं.

रात्री आठ वाजता अंगणातला दिवा घालवला, बोनेट उघडलं, इंजिन चालू केलं. बाहेर झिमझिम होती. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर निळसर ठिणग्या सरपटत होत्या, एका टोकावरून शेजारच्या टोकाकडे. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. टोपी काढून पुसली तेव्हा आत पेन्सिलीने ओढल्यासारखी केसाएवढी काळी रेघ दिसली. बारीक तडा, त्यात कार्बन बसलेला. ओल धरली की त्या रेघेवरून करंट शेजारी जातो. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२. टोपीवर टोकं त्याच क्रमाने शेजारी शेजारी असतात. पहिल्याची ठिणगी तिसऱ्याला मिळाली तर त्या क्षणी तिसऱ्याचा पिस्टन नुकताच खाली पोहोचलेला असतो, इनटेक व्हॉल्व्ह अजून पुरता मिटलेला नसतो, आणि जाळ उलटा कार्बोरेटरमधून बाहेर येतो. पाऊस, सकाळ, चढ, फट्ट आवाज आणि उन्हात बरी होणारी गाडी या सगळ्याचं उत्तर त्या एका रेघेत होतं. टोपी, रोटर, पॉइंट, कंडेन्सर सगळं नवं घालून, पॉइंटची गॅप ०.४५ मिलिमीटर लावून, हजार रुपयांच्या आत काम झालं.

मग काकांनी टॉर्च हेडच्या नटांवर धरला. नटांच्या कडेने वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ जशीच्या तशी घट्ट बसलेली होती. स्टडच्या आट्यांवरचा गंज मोडलेला नव्हता. पाना लागल्याची एक खूण नाही. हेड उतरवलंच नव्हतं. व्हॉट्सॲपवरचा फोटो दाखवला तर ते पाहताक्षणी म्हणाले, हे पद्मिनीचं नाही.

अजून एक धक्का बाकी होता. काकांनी कार्बोरेटरच्या बुडाशी रबरी नळीचं एक टोक फिरवलं आणि दुसरं माझ्या कानाला लावलं. स्पिंडलजवळ, म्हणजे पाय दाबला की फिरणाऱ्या दांडीजवळ, स्पष्ट सूं सूं ऐकू आलं. स्पिंडल झिजून सैल झालेलं, तिथून हवा ओढली जात होती. ती लपवायला पेट्रोल वाढवून मिश्रण भरपूर जाड करून ठेवलेलं, म्हणून काळे प्लग, म्हणून नापास पीयूसी, म्हणून सायलेन्सरमधले बार. मी म्हटलं, बाबांनी तर कार्बोरेटर इतका जपला होता. आणि मग झाकणाकडे नीट पाहिलं. तो आमचा नव्हता. तशाच बनावटीचा, पण दुसऱ्या कुठल्यातरी गाडीवरून उतरवलेला.

आमच्या सोलेक्स कार्बोरेटरच्या झाकणावर बाबांची खूण होती. आदल्या वर्षी एअर क्लीनर काढला तेव्हाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये निघाला, त्यात ती स्वच्छ दिसते. भावाला घेऊन गॅरेजात गेले. मालक म्हणाला, ओव्हरहॉलच्या किटमध्ये झाकणही नवं येतं. येत नाही. किटमध्ये गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह, डायफ्रॅम, वॉशर असतात. हे सांगितल्यावर तो म्हणाला, तुमचं पक्कं बिल कुठे आहे?

रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. सोबत दोन्ही फोटो, दोन्ही पीयूसी पावत्या, यूपीआयची नोंद आणि हेडच्या नटांचे जवळून काढलेले फोटो. नोव्हेंबरमध्ये १५,००० परत आले, नेमके जेवढ्यांचा पुरावा होता तेवढेच. बाकीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि १९१५ या हेल्पलाइनवर कशी करायची ते सांगतात. रोख पैसे आणि वहीचं पान घेऊन तिथे उभं राहणं किती अवघड आहे हे मी आता अनुभवते आहे.

गाडी गॅरेजात सोडायच्या आधी कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनॅमो यांचे जवळून फोटो काढा, आणि ते मेकॅनिकच्या समोरच काढा. हेड उतरवायचं म्हणाला तर आधी तुमच्या देखत कॉम्प्रेशन मोजायला लावा. दहा मिनिटांचं काम आहे, नकार दिला तर गाडी घेऊन निघा. हेड खरंच उतरलं तर ते तुमच्याच गाडीच्या बाजूला ठेवलेलं, नंबर दिसेल असा फोटो मागा. फेसिंग केलं तर लेथवाल्याची पावती मागा. काढलेले जुने भाग पिशवीत भरून घरी आणा, अगदी झिजलेलं गॅस्केटसुद्धा.

सध्या गाडी काकांनी मिळवून दिलेल्या दुसऱ्या कार्बोरेटरवर व्यवस्थित चालते आहे. तरी मी अजून दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जुन्या लोखंडाच्या पथाऱ्यांपुढे थांबते, बेळगाव आणि कोल्हापूरच्या भंगारवाल्यांनाही फोटो पाठवले आहेत. जुना सोलेक्स विकत घेताना कुणाच्या हाती आला तर झाकण उजेडात तिरपं धरून बघा. डाव्या कोपऱ्यात कानशीच्या टोकाने कोरलेलं 'मा' आहे, माझ्या आईच्या नावाचं पहिलं अक्षर, आणि त्याखाली ९६. मा-ला वेलांटी चुकून सुरू करून अर्ध्यावर सोडलेली आहे.