मोनॅकोचं पोस्टर: अस्सल लिथोग्राफ की नवी प्रत?

मोनॅको ग्रां प्री ही मोटारशर्यत १९२९ मध्ये सुरू झाली. पुढे जिओ हॅम या फ्रेंच चित्रकाराने शर्यतीची जी पोस्टरं केली, त्यांच्या प्रती आज पाचशे-हजार रुपयांतही मिळतात. त्या काळी छापलेलं अस्सल लिथोग्राफ, म्हणजे दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र काढून छापलेलं पोस्टर, मात्र लाखांच्या घरात.

फरक कळतो तो भिंगाखाली. नव्या ऑफसेट (आजच्या नेहमीच्या यंत्रछपाईच्या) प्रतीत इटलीच्या गाडीचा लाल रंग म्हणजे नुसते बारीक ठिपके, एका ओळीत शिस्तीत बसलेले. जुन्या लिथोग्राफमध्ये प्रत्येक रंग वेगळा छापलेला असतो. शाई सलग दिसते, छटा जिथे विरते तिथे खडूसारखा खरबरीत, वेडावाकडा कण. अर्थात ठिपके नाहीत म्हणजे अस्सलच, असंही नाही. लिथोग्राफची नक्कल लिथोनेही छापता येते. तेव्हा कागद, मूळ आकार आणि खाली छापखान्याचं नाव, तिन्ही तपासावं. घड्यांच्या खुणा, मागे चिकटवलेलं कापड हे दोष नव्हेत. जुन्या पोस्टरांना ते बऱ्याचदा असतं.

दिवाणखान्यात ऊन येत असेल तर मी बिनदिक्कत प्रतच लावेन. उन्हाने शाई उडते, आणि अस्सल पोस्टर गुंडाळून कपाटात ठेवायचं तर घ्यायचं कशाला?