अर्ज, आपणहून प्रसिद्धी, नोंदवही की खुला डेटा? सरकारी माहितीची सुधारणा कुठून सुरू करावी

सरकारी माहिती लोकांपर्यंत नीट पोहोचावी असं ठरलं, की बैठकीत पहिला प्रस्ताव बहुतेक वेळा नव्या पोर्टलचा येतो. तुम्ही अशा बैठकीत बसणारे अधिकारी असाल, निवडून आलेले सदस्य असाल किंवा मागणीपत्र तयार करणाऱ्या नागरिकांपैकी असाल, तर पोर्टलचा विषय आधी बाजूला ठेवा. जगात या कामाचे चार मुख्य रस्ते वापरून झाले आहेत: मागेल त्याला माहिती देणं, न मागता प्रसिद्ध करणं, कार्यालयात कोणकोणते कागद आहेत याची नोंदवही उघडी ठेवणं आणि कच्चा डेटा मोकळा करणं.

चारही रस्त्यांना मी दोनच प्रश्न लावतो. पहिलं पाऊल कोणी उचलायचं, नागरिकाने की कार्यालयाने? आणि माहिती दिली नाही, तर कोणाचं काय अडतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणाचंच काही नाही’ असं येत असेल, तर त्या सुधारणेवर पैसा आणि वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागेल त्याला माहिती

हा सगळ्यात जुना रस्ता. स्वीडनने १७६६ साली मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यातच सरकारी कागद पाहण्याचा हक्क घातला. त्यासाठी झगडणाऱ्यांमध्ये अँडर्स चिडेनियस हे धर्मगुरू आणि लोकप्रतिनिधी आघाडीवर होते. अमेरिकेचा कायदा १९६६ चा, भारताचा माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. ब्रिटनने कायदा २००० मध्ये केला, पण तो पूर्णपणे लागू झाला २००५ च्या जानेवारीत. उत्तराची मुदत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये कामाचे २० दिवस, भारतात ३० दिवस. जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर भारतात ४८ तास.

या रस्त्याची ताकद अशी, की कार्यालयाला जे सांगायचं नाही नेमकं तेच विचारता येतं. बाकी तिन्ही रस्त्यांवर काय दाखवायचं ते कार्यालय ठरवतं. म्हणून ‘आता सगळं ऑनलाइन आहे, अर्ज कशाला हवेत?’ असा सूर कोणी लावला, तर तो तिथल्या तिथे थांबवा. इतर काहीही केलं तरी अर्जाच्या हक्काला धक्का लागता कामा नये.

पण ओझं सगळं नागरिकावर पडतं. अर्ज कोणाकडे द्यायचा, प्रश्न कसा मांडायचा, नकार आला तर अपील कुठे करायचं, हे ज्याला जमतं त्यालाच माहिती मिळते. शिवाय उत्तर एकट्या अर्जदाराच्या हाती पडतं. तोच कागद दहा जणांनी मागितला, तर तो दहा वेळा शोधून द्यावा लागतो. यावर अमेरिकेने २०१६ च्या दुरुस्तीत साधा नियम घातला: एखादा खुला केलेला कागद तीन किंवा त्याहून जास्त वेळा मागितला गेला, की तो सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवायचा. यासाठी मोठी यंत्रणा उभारावी लागत नाही आणि लोकांना काय हवंय हे लोकांच्याच अर्जांतून कळतं.

‘न दिल्यास काय?’ याचं उत्तर भारताच्या कायद्यात स्पष्ट आहे: अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड. पण दंड ठोठावणारं अपिली पीठ स्वतंत्र असलं, तरच या तरतुदीला अर्थ. मेक्सिकोत २००२ च्या कायद्यातून उभी राहिलेली, अशी अपिलं ऐकणारी, पुढे स्वायत्त झालेली माहिती संस्था २०२४ च्या घटनादुरुस्तीने रद्द झाली आणि तिचं काम सरकारच्याच यंत्रणेकडे गेलं. संस्थेचं स्वातंत्र्य किती पक्कं आहे, हे कायदा करतानाच तपासायला हवं.

न मागता प्रसिद्ध करणं

पहिलं पाऊल कार्यालयाने उचलायचं, हे या रस्त्याचं मोठेपण. भारताच्याच कायद्यातलं कलम ४ पाहा. प्रत्येक कार्यालयाने रचना, अधिकार, अंदाजपत्रक, अनुदान घेणाऱ्यांचा तपशील अशा १७ बाबी १२० दिवसांत आपणहून प्रसिद्ध करायच्या होत्या. लोकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी, हा हेतू त्या कलमात लिहिलेला आहे. पण दंडाची तरतूद आहे ती अर्जाच्या बाबतीत. कलम ४ पाळलं नाही म्हणून थेट दंड नाही. एकाच कायद्यात एक हक्क दातांचा आणि दुसरा बिनदातांचा, हा फरक निर्णय घेणाऱ्याने नीट समजून घ्यावा.

आता स्लोव्हाकिया. तिथे २०११ पासून नियम असा, की सार्वजनिक पैशाचा करार इंटरनेटवरच्या मध्यवर्ती नोंदणीत प्रसिद्ध झाल्याशिवाय लागूच होत नाही. तीन महिन्यांत प्रसिद्ध झाला नाही, तर तो झालाच नव्हता असं धरलं जातं. परिणाम पाहा: बिल निघायचं असेल तर करार प्रसिद्ध होणं ही ठेकेदाराचीच गरज बनते. ना अर्ज, ना अपील, ना अधिकाऱ्यामागे लकडा. माझ्या माहितीतल्या सगळ्या सुधारणांमध्ये मला ही सर्वात हुशार वाटते. मात्र नियम लिहिताना दरपत्रकं आणि जोडपत्रंही त्यात आलीच पाहिजेत, नाहीतर कराराचं मुखपृष्ठ लोकांपुढे येईल आणि आकडे आतच राहतील.

प्रसिद्ध केलेला कागद कोणत्या रूपात आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. अंदाजपत्रक छापायचं, त्यावर सही-शिक्का घ्यायचा, मग ते तिरपं स्कॅन करून पीडीएफ चढवायची, हा प्रकार सर्रास दिसतो. त्यातला एकही शब्द शोधता येत नाही, आकड्यांची बेरीज करता येत नाही आणि दृष्टिहीन माणसाचं वाचन-सॉफ्टवेअर त्या पानापुढे गप्प बसतं. मूळ एक्सेल फाइल त्याच संगणकात पडलेली असते. सही केलेली प्रत हवी तर ठेवा, पण सोबत मूळ फाइलही द्या.

आणि प्रसिद्ध झालं म्हणजे पोहोचलं असं नाही. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया घेतल्या, तेव्हा मजुरांची मस्टर गावासमोर मोठ्याने वाचली गेली. मेलेल्या, गाव सोडून गेलेल्या माणसांची नावं मजूर म्हणून निघाली. हे ओळखू शकत होते ते गावकरीच. कितीही चांगल्या वेबसाइटला ते जमलं नसतं. २०१९ मध्ये त्या राज्यात जन सूचना पोर्टल सुरू झालं, त्यामागे लोकांचा हा कित्येक वर्षांचा रेटा होता. माहिती जिथे वापरली जाणार तिथेच ती दिसली आणि ऐकू आली पाहिजे.

नोंदवही उघडी ठेवणं

या रस्त्याची चर्चा सगळ्यात कमी होते, पण कायदा न बदलता काही करायचं असेल, तर माझं मत याच्याच बाजूने आहे. आवक-जावक नोंदवही प्रत्येक कार्यालयात असतेच. नॉर्वेने २०१० मध्ये केंद्रीय खात्यांच्या अशा नोंदी शोधता येतील अशा एकाच ठिकाणी लोकांसमोर ठेवल्या. एका ओळीत पत्राची तारीख, कोणाकडून कोणाला, विषय आणि प्रकरण क्रमांक. ओळ निवडायची आणि तो कागद मागायचा. एस्टोनियाचा कायदा २००१ पासून लागू आहे. त्यातही कार्यालयांनी कागदपत्रांची नोंदवही ऑनलाइन ठेवायची आणि मागणीला कामाच्या पाच दिवसांत उत्तर द्यायचं.

याने अर्ज करणाऱ्याची सर्वात मोठी अडचण सुटते. कोणता कागद अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसेल, तर माणूस मोघम अर्ज करतो आणि ‘माहिती विशिष्ट नाही’ असं उत्तर घेऊन परततो. नोंद समोर असली की तो क्रमांकासह मागतो. ‘असा कागद आमच्याकडे नाही’ हे उत्तरही मग सहज देता येत नाही. अधिकाऱ्याचाही शोधाशोधीचा वेळ वाचतो. काळजी एवढीच, की विषयाच्या रकान्यात आजारी माणसाचं किंवा तक्रारदाराचं नाव जाता कामा नये. त्यासाठी आवक लिपिकाला प्रशिक्षण आणि स्पष्ट नियम लागतो.

खुला डेटा आणि ‘एकच वेबसाइट’

अमेरिकेचं डेटा पोर्टल २००९ च्या मे महिन्यात आलं, ब्रिटनचं २०१० च्या जानेवारीत. वेळापत्रकं, हवामान, नकाशे यांसाठी हा रस्ता उत्तम, कारण त्यावर इतर लोक उपयोगी साधनं बांधतात. पण मधे आकडे वाचणारं कोणी नसेल, तर सामान्य माणसाच्या हाती काहीच पडत नाही. अद्ययावत ठेवणारा माणूस नेमला नसेल, तर डेटाचे संच शिळे होतात. आणि लहान गावाच्या यादीतून नाव काढलं, तरी वय आणि आजारावरून माणूस ओळखता येतो.

ब्रिटनने २०१२ मध्ये सगळ्या खात्यांसाठी एक वेबसाइट सुरू केली. तिथे नागरिकाला काय करायचंय ते पाहून मजकूर नव्याने लिहिला गेला आणि अनावश्यक पानं काढली गेली. परवाना, पेन्शन, दाखला यांसाठी ते मोलाचं आहे. मात्र त्याने सरकारचा हिशेब तपासता येत नाही. हे काम वेगळं आहे, हे बैठकीत आधीच सांगून टाका.

तुमच्या हातात काय आहे त्यावरून

कायदा बदलता येत असेल, तर स्लोव्हाकियासारखं कलम आणा. एक निवडायचं तर हेच. तुम्ही एका कार्यालयाचे प्रमुख असाल, तर कायद्याची वाट पाहायची गरज नाही: आवक-जावक नोंदवही उघडी करा आणि तीनदा मागितलेला कागद फलकावर व वेबसाइटवर लावा. नागरिकांचा गट असाल, तर ‘सगळी माहिती द्या’ म्हणू नका. रस्त्यांची देयकं किंवा रेशनची वाटप यादी अशी एकच गोष्ट धरा आणि ती मूळ फाइलसह, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या जागी मागा.

पैसा फक्त संगणकासाठीच मंजूर झाला असेल, तर तो आधी जुन्या फाइलींची सूची करण्यावर खर्च करा. ‘अभिलेख आढळून येत नाही’ या उत्तरापुढे चारही रस्ते थांबतात. आणि पोर्टल बांधणाऱ्या कंपनीशी करार करताना दोन अटी नक्की घाला: सगळ्या नोंदी कधीही उतरवून घेता येतील आणि कंपनी बदलली तरी जुने दुवे चालू राहतील.