जुलाबाचा संसर्ग रोखण्याची व्यवस्था : पुण्यातील एका खासगी रुग्णालयाचे परीक्षण

रुग्णालय निवडताना आपण डॉक्टरांचे नाव पाहतो, खोलीचे भाडे विचारतो, विमा चालतो का याची खात्री करून घेतो. पण एका रुग्णाच्या पोटातला संसर्ग शेजारच्या खाटेवर जाऊ नये म्हणून तिथे काय केले जाते, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या सासूबाई न्यूमोनियासाठी पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात दाखल असताना त्यांना जुलाब सुरू झाले आणि तपासणीत क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जिवाणू निघाला. हे परीक्षण तेवढ्या एका बाबीपुरतेच आहे. रुग्णालयाचे नाव मी देत नाही, कारण इथे दिसलेल्या उणिवा फक्त याच इमारतीत असतील असे मला वाटत नाही.

अँटिबायोटिकमुळे आतड्यातले नेहमीचे जिवाणू मोठ्या प्रमाणात मरतात, तेव्हा या जिवाणूला वाढायला मोकळे रान मिळते आणि त्याच्या विषामुळे मोठ्या आतड्याला सूज येते. रुग्णाच्या शौचातून बाहेर पडणारे त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातले त्याचे सुप्त रूप, खाटेच्या कठड्यावर, कमोडच्या दांडीवर, नळाच्या तोटीवर महिनोन्महिने टिकतात आणि अल्कोहोलने मरत नाहीत. म्हणजे प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी टांगलेली सॅनिटायझरची बाटली, जी एरवी अत्यंत उपयुक्त आहे, ती नेमकी या जिवाणूपुढे निष्प्रभ ठरते. साबण आणि वाहते पाणीसुद्धा बीजाणूंना मारत नाही, हातावरून धुऊन काढते. पृष्ठभागांसाठी क्लोरीनयुक्त किंवा बीजाणू मारणारे दुसरे द्रावण लागते.

अहवाल आल्यानंतर परिचारिकांनी जे केले त्याला मी पूर्ण गुण देईन. सासूबाईंना स्वतंत्र शौचालय असलेल्या खोलीत हलवले गेले. हातमोजे आणि गाऊन घातल्याशिवाय एकही सिस्टर आत आली नाही, आणि ते काढल्यावर प्रत्येकीने बेसिनवर साबणाने हात धुतले. रक्तदाब मोजण्याचा पट्टा आणि थर्मामीटर त्या खोलीतच ठेवले होते. सर्वांत जास्त कौतुक सफाईच्या मावशींचे. हायपोचे, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरीनयुक्त जंतुनाशकाचे, पातळ केलेले द्रावण ठेवून दिले की त्याचा जोर कमी होतो म्हणून त्या ते रोज नव्याने करत, आणि घाण आधी पुसून घेतल्याशिवाय हायपो लावत नसत, कारण मळावर क्लोरीन वाया जाते. हे त्यांना कुणीतरी नीट शिकवलेले होते.

अहवाल येईपर्यंतच्या काळाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. अँटिबायोटिकने पोट बिघडायचेच, असे गृहीत धरून नमुना उशिरा पाठवला गेला आणि तोवर सासूबाई सामायिक वॉर्डातले शौचालय वापरत राहिल्या. रेचक दिलेले नसताना दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होऊ लागले, तर त्याच दिवशी नमुना पाठवून अहवालाची वाट न पाहता रुग्णाला वेगळे ठेवायला हवे. नातेवाइकांसाठीच्या बेसिनवरचा साबणही बहुतेक वेळा संपलेला असे. दारावरचा सुरक्षारक्षक मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर इमानेइतबारे सॅनिटायझर सोडत होता.

खोली अतिनील दिव्याने निर्जंतुक केल्याची रक्कम बिलात वेगळी लावली होती. या दिव्याचा प्रकाश सावलीतल्या जागेवर पुरेसा पडत नाही आणि आधी हाताने पुसून घ्यावे लागतेच. तेव्हा मावशींच्या फडक्याची जागा तो घेऊ शकत नाही, हे बिल करणाऱ्यांना ठाऊक असावे.

इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात २००३ ते २००५ या काळात याच जिवाणूच्या दोन साथी आल्या आणि ३०हून अधिक रुग्ण दगावले. रुग्ण वेगळे ठेवण्यापेक्षा प्रशासनाने इतर उद्दिष्टांना महत्त्व दिले, असा ठपका चौकशीत ठेवला गेला. पुढे त्या देशात नोंदले जाणारे रुग्ण २००७-०८ मधील ५५ हजारांहून अधिक संख्येवरून २०१३-१४ पर्यंत सुमारे १३ हजारांवर आले. या घसरणीत फ्लुओरोक्विनोलोन गटातील अँटिबायोटिकचा वापर कमी केल्याचा वाटा मोठा होता, असे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जिवाणूंच्या जनुकीय अभ्यासातून दाखवले. म्हणून मी स्वच्छतेइतकेच लक्ष औषधांच्या कागदाकडे दिले. इथे डॉक्टर खरे उतरले: न्यूमोनिया आटोक्यात आल्याने चालू असलेले अँटिबायोटिक त्यांनी थांबवले, आम्लपित्ताच्या गोळीची खरोखर गरज आहे का हे तपासून तीही बंद केली, आणि या जिवाणूवरचे अँटिबायोटिक व्हॅन्कोमायसिन तोंडावाटे दिले, कारण शिरेतून दिलेले औषध आतड्यात पुरेसे पोहोचत नाही.

जुलाब थांबल्यावरही ४८ तास त्यांना त्याच खोलीत ठेवले गेले. जिवाणू गेला का हे पाहण्यासाठी पुन्हा तपासणी करावी, असा आमचा आग्रह होता. रुग्ण बरा झाल्यावरही ती तपासणी काही आठवडे पॉझिटिव्ह येत राहू शकते, म्हणून उपयोग नाही, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले. हा आजार साधारण पाचांपैकी एका रुग्णात उलटतो. तरीही घरी सोडतानाच्या इंग्रजी कागदावर त्याविषयी एकच ओळ होती. शौचालय कशाने धुवायचे आणि पुन्हा जुलाब लागल्यास कुणाला फोन करायचा, हे एका सिस्टरने तोंडी सांगितले म्हणून कळले. एक पानभर मराठी सूचना छापायला रुग्णालयाला हरकत नसावी. शुश्रूषेला पाचपैकी पाच, निदानाच्या तत्परतेला दोन.